सुधाकरला मित्र होते का? ‘एकच प्याला’ पुन्हा वाचताना



व्यासपीठावर माणूस एकच दिसत असला तरी आजचं बोलणं चौघांचं आहे, म्हणून आम्ही ‘आम्ही’ असंच म्हणणार. अंबाजोगाईत आमची एक वाचनाची बैठक आहे. शनिवारी संध्याकाळी जमतो, एखादं जुनं पुस्तक मोठ्यानं वाचतो, त्यावर भांडतो आणि चहा पिऊन घरी जातो. दोन शिक्षक, एक निवृत्त पोस्टमास्तर आणि एक कृषी सेवा केंद्र चालवणारा. समीक्षक म्हणावं असं आमच्यात कुणी नाही. मुकुंदराज आणि दासोपंतांच्या गावात राहतो, साहित्याशी नातं म्हणाल तर एवढंच.

संयोजकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही ‘एकच प्याला’ म्हटलं. त्यांचा चेहरा जरा पडला. शंभर वर्षांपूर्वीचं नाटक, त्यावर नवीन काय सांगणार, असं त्यांना वाटलं असावं. नवीन आम्हालाही काही सांगायचं नाही. आम्ही हे नाटक का वाचायला घेतलं, तेवढं सांगायचं आहे. आमच्या एका मित्राला दारू सोडायची होती आणि आम्ही त्याला मदत करायला निघालो होतो. ती मदत आम्ही इतकी वाईट केली, की आमचं कुठं चुकलं ते समजून घ्यायला आम्हाला गडकऱ्यांकडे जावं लागलं. आणि तिथं गेल्यावर कळलं की गडकऱ्यांच्या नाटकातली माणसंही हेच करत होती. त्या मित्राच्या परवानगीनं, त्याचं नाव-गाव न घेता बोलतो.

आधी नाटकाचं थोडं. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ ला सावनेरला वारले आणि पुढच्याच महिन्यात गंधर्व नाटक मंडळीनं बडोद्यात ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आणलं. म्हणजे लेखकाला स्वतःचं हे नाटक बघायला मिळालं नाही. पदं वि. सी. गुर्जरांची, सिंधूच्या भूमिकेत बालगंधर्व. गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. सुधाकर हुशार वकील. कोर्टात अपमान होतो, सनद काही काळासाठी जाते, तो खचतो. त्याचा कारकून तळीराम त्याच्या हातात पहिला पेला देतो. मग सगळंच जातं. सिंधू दळण दळून घर चालवते. शेवटी मूल जातं, सिंधू जाते आणि सुधाकर विष घेतो.

या नाटकावर आजवर जे बोललं गेलं ते बहुतेक तीन माणसांवर. सुधाकर कसा कोसळला, सिंधू कशी सोसत राहिली, तळीराम कसा हसवतो. प्रेक्षक सिंधूसाठी रडले, तळीरामाला टाळ्या मिळाल्या आणि घरी जाताना सगळे म्हणाले, दारू वाईट. आम्हीही शाळेत असताना हेच शिकलो आणि पुढे शिक्षक होऊन हेच शिकवलं. पण या वेळी वाचताना आमचं लक्ष त्या तिघांकडे राहिलंच नाही. आम्ही रामलालला शोधत होतो. रामलाल म्हणजे सुधाकरचा मित्र. आणि त्याच्याशिवाय नाटकात सुधाकरचे जे कोणी ओळखीचे, स्नेही, प्रतिष्ठित लोक येतात, ते. कारण आम्ही त्यांच्यापैकी होतो.

आता आमच्या मित्राकडे येतो. तो मुकादम. मोठा नव्हे, लहान. बीड जिल्ह्यातल्या माणसाला मुकादम म्हणजे काय ते सांगायला नको, पण हे ऐकणारे पुण्या-मुंबईचेही असतील. साखर कारखाना मुकादमाला पैसे देतो, मुकादम त्यातून ऊसतोड कामगारांना उचल देतो. नवरा-बायको मिळून एक कोयता, असे कोयते जमवून टोळी होते आणि दसरा-दिवाळीच्या सुमाराला ती घाट उतरून पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जाते. परत येते ती उन्हाळ्याच्या तोंडावर. उचल ठरते बैठकीत, आणि बैठक बसते ढाब्यावर. तिथं बाटली नसेल तर व्यवहार झाला असं कुणी मानत नाही. म्हणजे आमच्या मित्राची दारू ही नुसती सवय नव्हती, ते त्याच्या धंद्याचं टेबल होतं. आम्हाला हे फार उशिरा समजलं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तो दुकानात आला आणि म्हणाला, “मला सोडायचीय. माझ्यानं एकट्यानं होईना.” बस्, एवढंच. असं वाक्य बोलायला माणसाला किती वर्षं लागतात ते आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं. आम्ही खूश झालो. आमच्यातल्या एकानं त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, “आता बघच तू!”

आम्ही केलं काय, तर त्याला एकाच्या शेतातल्या आखाड्यावर नेऊन ठेवलं. मोबाइल काढून घेतला, मोटारसायकलची किल्ली काढून घेतली. रोज पाऊण बाटली पिणारा माणूस, आणि आम्ही त्याला एका दिवसात शून्यावर आणलं. मनात हिशोब असा की चार दिवस कळ काढली की सुटेल. पहिल्या दिवशी हात थरथरायला लागले, घाम सुटला. आम्ही म्हटलं, विष बाहेर पडतंय. दुसऱ्या रात्री झोप नाही. तिसऱ्या रात्री तो बाजेखाली बोट दाखवून म्हणायला लागला, “ही लेकरं कुणाची बसलीत इथं?” बाजेखाली काही नव्हतं. शेजारच्या आखाड्यावरचे एक म्हातारे बाबा म्हणाले, बाहेरचं आहे, उतारा करा. नशिबानं आमच्यातल्या पोस्टमास्तरांना ते पटलं नाही. रात्री अडीच वाजता जीप काढून त्याला अंबाजोगाईच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात आणलं.

डॉक्टरांनी आम्हाला जे सुनावलं ते इथं सांगतो, कारण ऐकणाऱ्यांत कुणीतरी हेच करायच्या बेतात असेल. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तोडली की काही तासांत हातपाय थरथरतात, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून भ्रम सुरू होऊ शकतो, म्हणजे नसलेलं दिसतं, काळवेळेचं भान जातं, ताप चढतो. यात माणूस मरू शकतो. म्हणून असा माणूस सोडतो म्हणाला की पहिलं काम डॉक्टरकडे जाणं. तिथं काही दिवस औषधं देऊन, जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देऊन शरीराला सावकाश उतरवतात. कोंडून ठेवणं म्हणजे मदत नव्हे. आणखी एक. त्याच्या नकळत जेवणात कालवायची औषधं लोक गुपचूप आणतात, त्यांच्या जाहिराती भिंतीवर तुम्ही वाचल्या असतील. दारू नकोशी करणारं खरं औषध असतं, पण ते घेणाऱ्याला माहीत असावं लागतं. त्यावर दारू पोटात गेली तर छातीत धडधड, उलट्या, रक्तदाब पडणं, जिवावरचं होऊ शकतं. ज्याला माहीतच नाही, तो सावध कसा राहणार?

तर आमचा मित्र वाचला. आठ दिवसांनी घरी आला. मदतीची खरी वेळ इथून पुढं सुरू होत होती आणि आम्हाला वाटलं की आता संपली.

आता चौथ्या अंकाकडे या. त्यात सुधाकर दारू सोडायचं ठरवतो. मनापासून ठरवतो. हे आपण विसरलेलो असतो, कारण आपल्या आठवणीत सुधाकर म्हणजे सतत पिणारा माणूस. पण तो एकदा थांबतो. आणि थांबल्यावर पहिली गोष्ट कोणती करतो? काम मागायला जातो. जुन्या ओळखीच्या मोठ्या लोकांकडे जातो, म्हणतो की मी सोडली आहे, मला काहीतरी नोकरी बघा. आणि तिथं त्याला मिळतो उपदेश, टोमणे, संशय. कुणाला त्याच्या शब्दावर भरवसा नाही, कुणाला आपल्या प्रतिष्ठेची काळजी. तो तिथून निघतो तो सरळ पुन्हा पेल्याकडे. आणि या वेळी परत न येण्यासाठी.

हा प्रवेश आम्ही मोठ्यानं वाचत होतो तेव्हा आमच्यातला दुकानदार मध्येच थांबला आणि पुस्तक मिटून खाली ठेवलं. का, ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

दवाखान्यातून आल्यावर तीन आठवड्यांनी आमचा मित्र दुकानात आला होता. म्हणाला, “औंदा बैठकीला जायचं नाही म्हणतो. गेलो की पिणार. तू मला हिशोबाला बसव. पगार किती बी दे.” दुकानात माणूस हवाच होता. रब्बीचं बियाणं, खतं, उधारीच्या वह्या, सगळा पसारा. पण आमच्या मनात आलं, गल्ला ह्याच्या हातात द्यायचा? गिऱ्हाईक काय म्हणेल? उद्या पुन्हा प्याला तर? आणि आमच्यातला एकजण म्हणाला, तेही अगदी प्रेमानं, “आधी दिवाळीपर्यंत राहून दाखव. मग बघू.” बाकीचे तिघे तिथंच होतो. कुणी काही बोललं नाही. तोही काही बोलला नाही. हसला, चहा प्याला, गेला. दसऱ्याला उचलीची बैठक झाली. पोटासाठी गेला. आणि त्या रात्री तो ढाब्यावरून घरी आलाच नाही.

आता सांगा, गडकऱ्यांच्या त्या प्रतिष्ठित गृहस्थांत आणि आमच्यात फरक काय? ते उर्मट होते, आम्ही प्रेमळ होतो. एवढाच.

‘आधी राहून दाखव’ हे वाक्य फार शहाणपणाचं वाटतं. पण त्यात अट अशी आहे की माणसानं सगळ्यात कठीण काळ एकट्यानं काढावा, आणि काम सोपं झालं की मग आपण सोबतीला यावं. सुधाकरला ज्या दिवशी नोकरी हवी होती त्या दिवशी तो भरवशाचा नव्हता, हे खरंच आहे. भरवशाचा असता तर त्याला कुणाची गरजच नव्हती.

रामलालबद्दल आमच्या बैठकीत दोन शनिवार भांडण झालं. एका शिक्षकाचं म्हणणं, रामलाल हा नाटकातला एकमेव सज्जन, त्याला नावं ठेवू नका. दुसऱ्याचं म्हणणं, सज्जन आहे म्हणूनच त्याला विचारलं पाहिजे. आम्ही शेवटी ज्यावर आलो ते असं. रामलाल वाईट मित्र नाही. पण तो बोलणारा मित्र आहे. तो सुरुवातीला विलायतेला जातो, आणि परत येतो तोवर घर बसलेलं असतं. मग तो कळवळून बोलतो. गडकऱ्यांच्या लेखणीला बोलण्याची इतकी हौस, की रामलालच्या तोंडून अलंकारांची माळच बाहेर पडते. नाटक म्हणून ते ऐकायला छान. पण कंप सुटलेल्या माणसापुढं उपमा आणि उत्प्रेक्षा काय कामाच्या? सुधाकर हा स्वतः वकील. बोलण्यात तो रामलालला कधीच हार जाणार नाही. दारुड्याशी वाद घालून त्याला हरवता येत नाही, हे आमच्या घरच्या बायकांनाही माहीत आहे. आम्हा शिक्षकांना मात्र वाटतं, चांगलं समजावून सांगितलं की झालं!

पण याच रामलालनं एक काम केलेलं आहे, आणि त्याकडं फार कुणाचं लक्ष जात नाही. भगीरथ. प्रेमभंगानं दारूकडे वळलेला हा तरुण तळीरामाच्या आर्यमदिरामंडळातलाच. रामलाल त्याला तिथून बाहेर काढतो. कसा काढतो? नुसतं ‘पिऊ नकोस’ म्हणून नाही. त्याला काम देतो. लोकांच्या उपयोगी पड म्हणतो, आपल्या जोडीला घेतो. आणि भगीरथ सुटतो! म्हणजे बघा, एकाच नाटकात दारूतून सुटलेला एक माणूस गडकऱ्यांनी आपल्यासमोर उभा केला आहे, आणि तरी नाटकाचा निष्कर्ष असा की एकदा पहिला पेला तोंडाला लागला की सुटका नाही. दारू सोडायची वेळ एकच, पहिल्या पेल्याच्या आधीची. गडकऱ्यांच्या सिद्धांताला त्यांचंच पात्र उत्तर देतं आणि नाटक ते ऐकून घेत नाही. सुटलेला भगीरथ आणि न सुटलेला सुधाकर, या दोघांच्या नात्याकडं नाटक फारसं वळतच नाही. आमच्या मते ‘एकच प्याला’तली सगळ्यात मोठी राहून गेलेली जागा ती आहे.

कारण जगात पुढं जे घडलं ते नेमकं त्या जागेवर घडलं. १९३५ साली अमेरिकेत अॅक्रन नावाच्या गावी बिल विल्सन नावाचा एक दलाल धंद्याच्या कामाला आला होता. दारू सोडून काही महिने झालेले. व्यवहार फिसकटला, परक्या गावात एकटा, हॉटेलात बार समोर. त्याला कळलं की आता आपण पिणार. तेव्हा त्यानं फोन लावायला सुरुवात केली. कुणीतरी आपल्यासारखा पिणारा गाठून द्या म्हणाला, त्याच्याशी बोलायचं आहे. त्याला गाठ पडली डॉ. बॉब स्मिथ या शल्यविशारदाची. बॉबला उपदेशांची सवय होती, पण इथं आलेला माणूस उपदेश करत नव्हता. तो स्वतःची गोष्ट सांगत होता, आणि स्वतः वाचायला आला होता. त्या भेटीतून अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस सुरू झालं. आज मराठीतही त्यांच्या सभा चालतात. तिथं मंचावर कुणी शहाणा नसतो.

तिथले लोकही गडकऱ्यांसारखंच म्हणतात, घात करतो तो पहिला पेला. फक्त एक फरक आहे. गडकऱ्यांचा पहिला पेला आयुष्यात एकदाच येतो. त्यांचा पहिला पेला रोज येतो. काल घेतला असेल, तरी आजचा पहिला अजून हातात नाही. म्हणून ते जन्माची शपथ घ्यायला सांगत नाहीत, फक्त आजचा दिवस म्हणतात. आमच्या मित्राला हे सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “जन्माचं म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. आजच्या रातीचं सांगा.”

आपल्याकडं अनिल अवचटांनी गर्दच्या व्यसनावर लेख लिहिले, ते वाचून पु. ल. देशपांडे अस्वस्थ झाले, त्यांच्या प्रतिष्ठानच्या मदतीनं डॉ. अनिता अवचटांनी पुण्यात मुक्तांगण उभं केलं. ती तारीख २९ ऑगस्ट १९८६. तिथं बरे झालेले कितीतरी रुग्णमित्र पुढं तिथलेच कार्यकर्ते झाले. म्हणजे भगीरथ सुधाकरच्या शेजारी जाऊन बसला. आमच्या मनात आलं, एका हसवणाऱ्या लेखकानं आणि त्याच्या वाचकांनी मराठी रंगभूमीची एक राहिलेली बाजू सदुसष्ट वर्षांनी पुरी केली.

आता सिंधूबद्दल. थोडं कडू बोलणार आहे, ज्येष्ठांनी सांभाळून घ्यावं. सिंधूला आपण पतिव्रता म्हणून डोक्यावर घेतलं. मरतानाही ती नवऱ्यावर आळ येऊ नये म्हणून खोटी जबानी देते आणि थिएटर ओलं होतं. पण आमच्या जिल्ह्यात बसून हे वाचताना आम्हाला ते ओलं होणं जमलं नाही. इथं बाई कोयत्याचा अर्धा भाग असते. पहाटे चारला उठून भाकऱ्या, मग फडात दिवसभर, डोक्यावर मोळ्या, पाठीशी लेकरू, आणि संध्याकाळी कोपीवर नवरा पिऊन पडलेला. तिच्या अंगावरच्या वळाबद्दल विचारलं तर तीही म्हणते, पडले. आपण तिला पतिव्रता म्हणायचं का? नाटकात दुसरी एक बाई आहे, तळीरामाची गीता. फटकळ, नवऱ्याला तोंडावर बोलणारी. तिला आपण विनोदी पात्र समजतो. आमच्या बैठकीत पोस्टमास्तर म्हणाले, “शहाणी तीच आहे.” आम्हाला ते पटलं.

आमच्या मित्राच्या बायकोला आम्ही वहिनी म्हणतो. पहिल्या वेळी आम्ही तिला काय सांगितलं असेल? ‘तुम्ही त्याला सांभाळून घ्या.’ दहा वर्षं दुसरं काय करत होती ती! तिनं कारखान्याच्या माणसाला फोनवर खोटं सांगायचं, बचतगटाचे पैसे भरताना तोंड लपवायचं, आणि वर आम्ही जाऊन सांभाळून घ्या म्हणायचं. दुसऱ्या वेळी आम्ही तिला विचारलं, तुम्हाला काय पाहिजे? ती म्हणाली, “संध्याकाळी सहा ते नऊ त्याला घरात बसवू नका. आणि माझ्या हातात पैसे राहू द्या.” बारा ओळींचा सल्ला आम्ही तयार ठेवला होता, तो तसाच राहिला. मुक्तांगणमध्ये पत्नींसाठी ‘सहचरी’ नावाचा वेगळा गट चालतो, ते का, हे तेव्हा कळलं. मित्राला मदत करताना त्याच्या घरातल्या माणसाला आपला पहारेकरी करू नये. आणि त्याच्यासाठी खोटं बोलू नये, बोलायला लावूही नये.

दुसरी वेळ म्हणजे त्या दसऱ्यानंतरचा फाल्गुन. टोळी फडावर होती, तो मध्येच परत आला. या वेळी त्यानं आम्हाला काही मागितलं नाही. आम्हीच गेलो. आधी डॉक्टर, मग बाकी सगळं. हिशोबाच्या वहीवर त्याला बसवलं, दुपारी चार ते रात्री साडेआठ, कारण तीच वेळ वाईट. गल्ला आम्ही पहिले तीन महिने त्याच्याकडे दिला नाही, आणि तसं त्याला तोंडावर सांगितलं. लपवून पहारा ठेवण्यापेक्षा ते बरं. त्याचं म्हणणंही तेच होतं. आठवड्यातून एकदा जिल्ह्याच्या ठिकाणी सभेला जायचं, तर आमच्यापैकी एकजण एसटीनं बरोबर. आत जायचं नाही, बाहेर चहा प्यायचा. खर्च फार नाही. वेळ मात्र लागतो, आणि मित्राला द्यायचा तो वेळच असतो, हे कुणी सांगत नाही. ज्यांच्या जवळपास असं कुणीच नाही त्यांच्यासाठी १४४४६ हा सरकारचा मोफत क्रमांक आहे, लिहून ठेवा.

मधे कुणीतरी सुचवलं, त्याला माळ घाला. आपल्या जिल्ह्यात ही जुनी वाट आहे. नारायणगडाला, गहिनीनाथगडाला जायचं, महाराजांच्या हातून तुळशीची माळ घ्यायची, की दारू-मटण बंद. पुष्कळ माणसं यातून सुटली आहेत, आम्ही डोळ्यांनी बघितली आहेत. त्याला हसणाऱ्यांतले आम्ही नाही. नीट बघितलं तर माळेबरोबर माणसाला काय मिळतं? हरिपाठाला रोज जायची वेळ, दिंडी, भजनाला शेजारी बसणारी दहा माणसं, संध्याकाळ. म्हणजे सोबतच. पण माळ घेऊन पुन्हा प्यायलेला माणूस लाजेनं देवळाची वाटही सोडतो, हेही बघितलं आहे. आमच्या मित्रानं माळ घेतली नाही. म्हणाला, “तुटली तर दोन पापं.”

आणि तो घसरला. पुतणीच्या लग्नात, हळदीच्या रात्री. आमच्यापैकी दोघे तिथं होतो आणि वाढपात गुंतलो होतो. सकाळी कळलं. पहिल्या वेळी अशा प्रसंगी आम्ही काय केलं होतं, तर आठ दिवस त्याच्याशी बोललो नव्हतो. या वेळी दुपारी त्याच्या घरी गेलो, दुकान उघडायचं आहे म्हणालो. तो आला. वहीवर बसला. आकडे चुकत होते, आम्ही काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी स्वतःच डॉक्टरांना सांगून आला.

या सगळ्यात नाटकाचं वाचन चालूच होतं आणि एका शनिवारी आम्ही त्यालाही बोलावलं. घाबरतच बोलावलं. सुधाकर ऐकून त्याला वाईट वाटेल, आपल्याला टोमणा मारताहेत असं वाटेल. तसं काही झालं नाही. तळीरामाच्या प्रवेशांना तो पोट धरून हसला. मग आमच्यातल्या शिक्षकांनी जरा प्रस्तावना केली, तळीराम हा कसा खलपुरुष, गोड बोलून मालकाच्या घराचा सत्यानाश करणारा. तो ऐकत होता. ऐकून म्हणाला,

“गुरुजी, राग मानू नका. पर सनद गेल्यावर त्याच्याकडं रोज कोण येत होतं? तळीरामच ना. दुसरा कुणी आला का?”

आम्ही पुस्तक चाळलं. मनातल्या मनात.

“माझं बी तसंच,” तो म्हणाला. “दवाखान्यातून आलो, तुम्ही दोनदा आला. ढाब्यावरचे रोज यायचे. बाहेर गाडीचा हॉर्न वाजवायचे, तब्येत कशी आहे म्हणायचे. ते बी खरंच विचारायचे. वाईट नव्हते ते.”

शंभर वर्षांत तळीरामावर पुष्कळ लिहिलं गेलं असेल. विनोदासाठी त्याला वाखाणलं गेलं, नीतीसाठी झोडपलं गेलं. पण सुधाकरच्या एकटेपणात नेमानं येणारा माणूस म्हणून त्याच्याकडं आम्ही तरी कधी बघितलं नव्हतं. तो हातात विष घेऊन येतो हे खरं, पण येतो. रामलाल अमृत घेऊन विलायतेत. गडकऱ्यांनी हे मुद्दाम केलं की त्यांच्या हातून होऊन गेलं, यावर आमच्यात अजून एकमत नाही. पोस्टमास्तर म्हणतात मुद्दाम. आम्ही बाकीचे म्हणतो, गडकऱ्यांना तळीराम लिहिताना इतकी मजा आली की ते त्याला सारखं बोलावत राहिले.

आज आमच्या मित्राला लग्नानंतर सात महिने आणि काही दिवस झाले. नक्की आकडा तो सांगतो, आम्ही सांगत नाही. या हंगामात त्यानं टोळी भावाच्या हवाली केली, उचलीचं थोडं देणं अजून अंगावर आहे, ते फेडतोय. पुढं काय होईल ते आम्हाला माहीत नाही, त्यालाही नाही.

गेल्या शनिवारी आम्ही नाटक पुन्हा पहिल्यापासून काढलं, या वेळी पात्रं वाटून. तळीराम त्यानं मागून घेतला. सुधाकर निवृत्त पोस्टमास्तर, सिंधूचं वाचायला वहिनी तयार नाहीत, त्या म्हणतात गीता द्या. रामलाल कोण वाचणार विचारलं तर बराच वेळ कुणी बोललं नाही. शेवटी तो दुकानदाराकडं बघून म्हणाला, “तू वाच. पर जरा कमी बोल.”